काठाशी आलेला ट्राउट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझं बालपण रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात गेलं. त्यामुळे गळाला मासा कसा लागतो हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती उतरायला मला अमेरिकेत जावं लागलं.

नोकरीच्या निमित्तानं 1998 साली मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी गेलो आणि पुढची अठरा वर्षं तिथेच राहिलो. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. रॉचेस्टर त्या इमारतींपासून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. सरोवर कसलं, समुद्रच तो. क्षेत्रफळ सुमारे 19 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपला रत्नागिरी जिल्हा त्यात दोनदा मावेल. सर्वांत खोल जागी 244 मीटर पाणी. पलीकडचा काठ कॅनडाचा, तो दिसत नाही. वाऱ्याला खारा वास नाही आणि भरती-ओहोटी नाही, एवढ्यावरूनच आपण कोकणात नाही हे कळायचं.

या सरोवरात ब्राऊन ट्राउट नावाचा मासा आहे. मूळचा तो युरोपचा. 1883 साली त्याची अंडी जर्मनीहून न्यूयॉर्कला आली आणि त्यांतली काही रॉचेस्टरपासून तासाभराच्या आत असलेल्या कॅलेडोनिया इथल्या मत्स्यबीज केंद्रात गेली. 1864 साली सुरू झालेलं हे केंद्र अजून चालू आहे. आपल्याकडेही हा पाहुणा फार उशिरा आला नाही. 1900 साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून तो काश्मीरच्या ओढ्यांत रुजला. ओढ्यातला ब्राऊन ट्राउट सोनेरी तपकिरी असतो, अंगावर काळे आणि लाल ठिपके. सरोवरात वाढलेला मात्र चंदेरी होतो आणि ठिपके काळे, फुलीसारखे दिसतात. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, हा दुसराच कुठला तरी मासा आहे.

पण हातात यायला दोन वर्षं लागली, ती गोष्ट आधी सांगतो.

तिथे मार्चअखेर बर्फ वितळला की लोक होड्या बाहेर काढतात. मीही एक जुनी सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी घेतली होती. मागे इंजिन, शेजारी थर्मासमध्ये चहा. मोठा मासा खोल पाण्यात असतो, हे तर आपण लहानपणापासून ऐकलेलं. मी दर रविवारी तीन-चार किलोमीटर आत जायचो, तीस मीटर पाण्यात वजन लावून गळ सोडायचो आणि हात गारठवून परत यायचो. दोन वसंत ऋतू असे गेले. एकही मासा नाही. घरी बायको विचारायची, ‘‘अहो, बाजारातून आणू का?’’

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. सत्तरीचे, बोलायला अगदी कमी. मी मनातल्या मनात त्यांना तांडेल म्हणायचो. ते दर आठवड्याला दोन-तीन ट्राउट आणायचे. एके दिवशी त्यांना न राहवून त्यांनी मला विचारलं, ‘‘तू एवढ्या आत कशाला जातोस? तुझे मासे तू जाताना ओलांडून जातोस.’’

हे वाक्य मला समजायला बराच वेळ लागला. आज त्यावरच बोलायचं आहे.

पाण्याचा एक विचित्र गुण आपण शाळेत शिकलेलो असतो आणि परीक्षेनंतर विसरतो. बहुतेक द्रव गार होत जातील तसे जड होतात. पाणी मात्र चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं; त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होऊ लागतं. हिवाळ्याच्या शेवटी या सरोवराचं बहुतेक पाणी चार अंशांच्या खाली असतं. मग एप्रिलचं ऊन पडतं. ते सगळीकडे सारखंच पडतं. पण काठाशी ते तीन मीटर पाण्याला तापवतं आणि मध्यभागी शंभर मीटर पाण्याला. साहजिकच काठचं पाणी लवकर सहा-सात अंशांवर जातं आणि आतलं दोन-तीन अंशांवरच राहतं.

खरी गंमत जिथे ही दोन पाणी भेटतात तिथे आहे. सात अंशांचं आणि दोन अंशांचं पाणी मिसळलं की मिश्रण चार अंशांच्या आसपास येतं, म्हणजे दोघांपेक्षाही जड. ते खाली बुडतं. काठाला समांतर असा बुडत्या पाण्याचा एक पडदाच तयार होतो. या पडद्यामुळे काठचं उबदार पाणी आत पसरत नाही, काठाशीच कोंडलं जातं. नद्यांनी आणलेला गाळही त्याच्याबरोबर अडकतो. दिवस तापतील तसा हा पडदा हळूहळू आत सरकत जातो आणि जूनच्या सुमाराला नाहीसा होतो. तोवर, म्हणजे एप्रिल आणि मेचा बराचसा भाग, सरोवराची सारी ऊब काठच्या एका अरुंद पट्ट्यात असते.

ट्राउट हा गार पाण्याचा मासा खरा, पण त्याला आवडतं ते बारा-पंधरा अंशांचं पाणी. तीन अंशांत तो जिवंत राहतो, तरी पचन मंद, हालचाल मंद. म्हणून तो उबेकडे येतो. आणि त्याच उबेकडे त्याचं खाद्यही येतं: एलवाइफ आणि स्मेल्ट नावाचे बोटभर चंदेरी मासे आणि दगडांत राहणारा गोबी. हा गोबी काळ्या समुद्राच्या भागातला. जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर तिकडे पोचलेला आणि आता सगळीकडे पसरलेला. म्हणजे तीन-चार किलोंचा मासा एप्रिलमध्ये चक्क दीड-दोन मीटर पाण्यात फिरत असतो. काठावर उभं राहून दगड मारला तर त्याच्या पलीकडे पडेल. आणि मी त्याच्या डोक्यावरून इंजिन फडफडवत रोज आत जात होतो!

तांडेलांच्या होडीत पहिल्यांदा बसलो तेव्हा त्यांनी गळाला हात लावायच्या आधी पाण्याचं तापमान दाखवणारा काटा बघायला सांगितला. बंदराच्या तोंडाशी, जिथे जेनेसी नदी सरोवराला मिळते, तिथे नऊ अंश. शंभर मीटर पुढे सात. आणखी पुढे चार. नदीचं पाणी चहासारखं तपकिरी आणि सरोवराचं हिरवट निळं. दोन्हींच्या मधली रेघ नजरेनं स्पष्ट दिसत होती. ‘‘या रेघेवर राहायचं,’’ ते म्हणाले. गढूळ बाजूला ऊब आणि आडोसा असतो, स्वच्छ बाजूला दिसतं नीट. मासा आडोशाला दबून राहतो आणि रेघ ओलांडून बाहेर पडणाऱ्या बारक्या माशांवर झडप घालतो. वारा कुठला आहे यावर ती रेघ रोज नव्या जागी असते. वारा सरोवराकडून काठाकडे असेल तर उबदार पाणी काठाला चिकटून राहतं. दोन दिवस काठाकडून आत वाहिला की वरचं ऊबदार पाणी तो लोटून नेतो आणि खालून गार पाणी वर येतं. काल जिथे पाच मासे मिळाले तिथे आज एकही नाही, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. मी मात्र त्याचा दोष नशिबाला द्यायचो.

आता पद्धतीकडे येतो. तिला तिकडे ट्रोलिंग म्हणतात. हल्ली हा शब्द कुणाला तरी छळण्यासाठी वापरतात, पण मासेमारीत त्याचा अर्थ साधा आहे: होडी सावकाश चालवायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं. आपल्या किनाऱ्यावर सुरमईसाठी होडीमागे गळ ओढतात, तेच हे. फरक इतकाच की सुरमईसाठी समुद्र मोकळा असतो. इथे पाणी कमरेपासून दोन पुरुष, आणि ते बऱ्याचदा काचेसारखं स्वच्छ. अशा पाण्यात होडीची सावली आणि इंजिनाचा आवाज माशाला लांबून कळतो. होडी येताच तो बाजूला सरकतो. मासे दाखवणारं यंत्र इथे जवळजवळ निरुपयोगी. त्याचा झोत निमुळता असतो. तीन मीटर पाण्यात तो तळाचा जेमतेम मीटरभर तुकडा दाखवतो, आणि नेमक्या त्याच तुकड्यातून मासा आधीच निघून गेलेला असतो. मी त्या यंत्रावर बरेच पैसे घालवले होते, म्हणून हे जरा कळवळ्यानं सांगतो.

तेव्हा सगळी युक्ती एकाच गोष्टीची: आमिष होडीपासून दूर न्यायचं. मागेही आणि बाजूलाही.

मागे नेणं सोपं. आमिष म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा नकली मासा, नऊ ते तेरा सेंटीमीटरचा सडपातळ. त्याच्या तोंडाशी एक पारदर्शक जिभली असते. ओढला की पाणी त्या जिभलीवर दाबतं आणि मासा स्वतःच मीटर-दीड मीटर खाली जाऊन वळवळत पोहतो. ओढ थांबली की तरंगत वर येतो. म्हणून उथळ पाण्यात त्याला शिशाचं वजन लावायचं नाही. लावलं की तळाच्या दगडांत अडकलाच. तो होडीच्या मागे तीस ते पंचेचाळीस मीटर सोडायचा. पाणी गढूळ असेल तर निम्म्यावर आला तरी चालतं, कारण तेव्हा माशालाही होडी दिसत नाही. दोरा, म्हणजे आपला तंगूस, जितका बारीक तितका बरा. तीन-चार किलोंचा ताण सोसेल असा. माझा पहिला तंगूस त्याच्या तिप्पट जाड होता. तांडेलांनी तो बोटांत धरून बघितला आणि विचारलं, ‘‘यावर कपडे वाळत घालणार आहेस का?’’

बाजूला नेण्यासाठी एक फळी वापरतात. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत सुंदर वस्तू तीच. हातभर लांबीची, पुढची कड तिरकी तासलेली, पाण्यात उभी तरंगणारी. तंगूस तिला एका चिमट्यानं अडकवतात. होडी पुढे जाऊ लागली की पाणी तिच्या तिरक्या अंगावर दाबतं आणि ती बाजूला सरकत जाते, पतंग वाऱ्यात चढतो अगदी तशी. फक्त हा पतंग आडवा, पाण्यावर उडणारा. असे पंधरा ते तीस मीटर बाजूला गेले की थांबवायचं. उजवीकडे एक, डावीकडे एक. आता होडी चार मीटर पाण्यातून चाललेली असते आणि तिची काठाकडची फळी दीड मीटर पाण्यातून, जिथे होडी नेली तर इंजिनाचं पातं दगडांना लागेल. होडीला घाबरून बाजूला सरकलेला मासा सरकतो तो नेमका या आमिषाच्या वाटेत. होडीच मग रापणीच्या हाकाऱ्यांसारखं काम करते म्हणा ना. मासा लागला की फळी एकदम मागे खेचली जाते. पाण्यावर काहीतरी अडखळल्यासारखं दिसतं. अठरा वर्षांत कितीदा पाहिलं असेल, पण त्या अडखळण्यानं दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा.

वेग तासाला अडीच ते चार किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा. पाणी पाच अंशांखाली असेल तर त्याहीपेक्षा हळू. आणि सरळ रेषेत कधी जायचं नाही. साप सरपटतो तशी होडी वळवत न्यायची. असं का, ते मला तांडेलांनी सांगितलं नाही, करायला लावलं. होडी डावीकडे वळली की डावीकडची फळी मंदावते आणि उजवीकडची वेगानं फिरते. मासा मंदावलेल्या बाजूला लागला तर समजायचं, आपला वेग जास्त होतोय. बाहेरच्या बाजूला लागला तर वेग वाढवायचा. माशालाच विचारायचं आणि उत्तर ऐकायचं. एका वळणात जे कळतं ते दिवसभर सरळ जाऊन कळत नाही.

रंगाबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात. मला स्वच्छ पाण्यात चंदेरी आणि गढूळ पाण्यात नारिंगी किंवा सोनेरी, यापलीकडे काही सिद्ध झालेलं दिसलं नाही. रिळाचा ब्रेक मात्र सैल ठेवावा, हे नक्की. बारीक तंगूस, त्यावर तीन किलोंचा मासा. तो पळेल तेव्हा पळू द्यायचा. घाई केली की तुटलाच.

आता या छंदाची दुसरी बाजू. 2003 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, आम्ही काठापासून दोनशे मीटरवर होतो. ऊन छान पडलं होतं. पाणी दोन मीटर खोल, तळाचे गोटे दिसत होते. इतक्या ओळखीच्या, इतक्या उथळ पाण्याची माणसाला भीती वाटत नाही, हाच खरा धोका. मासा होडीशी आला, मी दांड्याची जाळी घेऊन वाकलो आणि ओल्या तळावरून पाय सटकला. पाणी पाच अंश होतं. मी खाडीत पोहत वाढलेला माणूस. पण त्या क्षणी पोहणं आठवलंच नाही. छाती आपोआप मोठा श्वास ओढते, थांबवता येत नाही. तो श्वास पाण्याखाली ओढला गेला असता तर हे सांगायला मी आलो नसतो. अंगावर जीवरक्षक जाकीट होतं म्हणून तोंड वर राहिलं. न्यूयॉर्क राज्यात 1 नोव्हेंबर ते 1 मे या काळात एकवीस फुटांपेक्षा लहान होडीत प्रत्येकानं ते अंगात घालून बसायचं, असा आता कायदा आहे; तेव्हा तो नव्हता. मला ते जाकीट तोवर जाच वाटायचं.

तांडेलांनी पहिलं काम केलं ते इंजिन बंद करण्याचं, मला पकडण्याचं नव्हे. पातं फिरत असताना माणसाजवळ होडी आणायची नाही. मग दोर फेकला. दोर हातात आला, पण बोटं मिटेनात. शेवटी तो मी कोपराभोवती गुंडाळला. सत्तरीचा माणूस मला वर ओढू शकणार नव्हता. त्यांनी मला मागच्या बाजूला आणलं, इंजिनाच्या पात्यावर जी आडवी पट्टी असते तिच्यावर पाय ठेवायला सांगितलं, आणि मी ओंडक्यासारखा आत पडलो. सगळं मिळून चार मिनिटं. मासा अर्थातच गेला होता.

गार पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीझब्रेख्त यांनी एक सोपा हिशेब लोकांपर्यंत पोचवला आहे: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. माणसं बहुतेकदा गारठून मरत नाहीत, त्याच्या कितीतरी आधी पहिल्या मिनिटात किंवा हात निकामी झाल्यावर बुडतात. माझी बोटं दहाऐवजी तिसऱ्याच मिनिटाला संपावर गेली. त्यानंतर मी एकटा होडी घेऊन कधी गेलो नाही.

मिळालेल्या माशाचं काय करायचं, हा प्रश्न बायकोनं माझ्या आधी सोडवला होता. हळद, तिखट, कोकमाचं आगळ आणि वरून रवा. ट्राउटचं मांस केशरी, मऊ. तव्यावर लवकर होतं. पण पुढच्याच वर्षी राज्याच्या आरोग्य खात्याचं पत्रक तिच्या हाती लागलं. या सरोवराच्या तळात जुन्या कारखान्यांची विषारी रसायनं आहेत, पीसीबी आणि मायरेक्स त्यांतली. ती माशाच्या चरबीत साठतात, आणि मासा जितका मोठा आणि वयस्क तितकी जास्त. म्हणून कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे खातं दरवर्षी जाहीर करतं. लहान मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी तो सल्ला जास्त कडक असतो. तेव्हा आमची मुलगी अकरा वर्षांची होती. बायकोनं पत्रक फ्रिजच्या दारावर लावलं आणि सांगितलं, ‘‘तुम्ही पकडा हवे तेवढे, पण हिच्या ताटात हा मासा नको.’’ पुढे मोठे मासे मी पाण्यातच सोडू लागलो. हात ओला करून धरायचा, गळ काढायचा, शेपटीशी धरून पाण्यात क्षणभर स्थिर ठेवायचा. तो आपला आपण निघतो. लहान एखादा आम्ही दोघं खायचो. कातडी, पोटाची चरबी आणि पाठीवरची गडद पट्टी काढून टाकून. कातडी काढलेला तळलेला मासा ही कोकणी माणसाला शिक्षाच आहे.

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काठचं पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर जातं. आधी जी ऊब माशाला बोलवत होती तीच आता त्याला नकोशी होते आणि तो खोल पाण्याकडे सरकतो. मग वजनं, तारा आणि मोठी इंजिनं घेतलेल्या लोकांचा मोसम सुरू होतो. आमचा संपायचा. तांडेल फळ्या गोड्या पाण्यानं धुवायचे (पाणी गोडंच होतं, तरीही), पुसून गॅरेजच्या भिंतीला टांगायचे आणि प्रत्येकीखाली खडूनं त्या मोसमातला शेवटचा दिवस आणि तापमान लिहून ठेवायचे. 2016 साली मी परत यायला निघालो तेव्हा त्यांतली एक त्यांनी मला दिली. ती रत्नागिरीच्या घरात आहे. खडूचं लिखाण अजून वाचता येतं: 21 मे, साडेपंधरा अंश.